धर्म बदलला म्हणून तुरुंग: इराणमधले धर्मकैदी आणि निर्वासित यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराणमधल्या धर्मकैद्यांबद्दल मी मराठीत लिहायला लागले तेव्हापासून वाचकांची पत्रं येत आहेत. काही आपुलकीची, काही शंकेखोर, काही चक्क रागावलेली. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अवघड. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे, म्हणजे तेच तेच वाचावं लागणार नाही.

१. इराणमध्ये चर्च आहेत, ख्रिस्ती खासदारही आहेत. मग ख्रिस्ती असणं गुन्हा कसा?

जन्मानं ख्रिस्ती असणं गुन्हा नाही. राज्यघटनेचं १३ वं कलम जरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती या तीनच अल्पसंख्य धर्मांना मान्यता देतं. संसदेत त्यांच्यासाठी पाच जागा राखीव आहेत: आर्मेनियनांच्या दोन, असिरियन-कॅल्डियनांची एक, ज्यूंची एक आणि जरथुष्ट्रींची एक. पण ही मान्यता कुळाला आहे. आर्मेनियन आईबापांचं लेकरू ख्रिस्ती, त्यानं आपल्या भाषेत उपासना करावी, कुणी अडवणार नाही. मुसलमान घरात जन्मलेला माणूस ख्रिस्ती होऊ शकतो, हे मात्र राज्य मानतच नाही.

म्हणून सगळा वाद फारसी भाषेतल्या उपासनेवर येऊन ठेपतो. फारसी ही सगळ्यांची भाषा. त्या भाषेत प्रार्थना सुरू झाली की शेजारपाजारचं कुणीही येऊन बसू शकतं. तेहरानमधल्या असेंब्लीज ऑफ गॉड पंथाच्या मध्यवर्ती चर्चमध्ये फारसीत उपासना होत असे. मे २०१३ मध्ये ते चर्च बंद पाडण्यात आलं.

२. मग धर्मांतरितांना नेमकं कोणत्या कलमाखाली पकडतात?

या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून सावकाश वाचा. आरोपपत्रात 'ख्रिस्ती झाला' असं बहुधा लिहिलेलंच नसतं. तिथे राष्ट्रीय सुरक्षेची कलमं असतात. दंडसंहितेचं कलम ४९८ म्हणजे देशाच्या सुरक्षेला बाधा आणणारा गट स्थापन करणं, शिक्षा २ ते १० वर्षं. कलम ४९९ म्हणजे अशा गटाचं सभासद असणं, ३ महिने ते ५ वर्षं. कलम ५०० म्हणजे राजवटीविरुद्ध प्रचार, ३ महिने ते १ वर्ष. कलम ६१० म्हणजे संगनमत, २ ते ५ वर्षं. बैठकीच्या खोलीत दहा माणसं बायबलमधला नवा करार वाचत बसली, तर तो 'गट' होतो आणि घरमालक 'संस्थापक'.

२०२१ साली कलम ५०० ला आणखी एक पुरवणी जोडली गेली. इस्लामच्या पवित्र कायद्याला विरोधी अशी 'भरकटलेली' शिकवण देणं किंवा तिचा प्रसार करणं, याला पाच वर्षांपर्यंत कैद. ही पुरवणी आल्यापासून धर्माचा उल्लेख कागदावर थोडा तरी उघड दिसू लागला आहे. तो 'पंथ', 'भरकटलेले लोक' अशा शब्दांत असतो.

इथे एका शब्दापाशी थांबावंसं वाटतं. आपला 'गुन्हा' हा शब्द फारसीतून आला. फारसीत 'गुनाह' म्हणजे पाप, जे माणूस आणि देव यांच्यामधलं असतं. मराठीत येता येता ते कोर्टकचेरीतलं झालं. तेहरानच्या क्रांती न्यायालयात, जिथे राष्ट्रीय सुरक्षेचे खटले चालतात, हा प्रवास रोज घडतो: राज्याला जे पाप वाटतं त्याला सुरक्षेचं कलम लागतं आणि कागदावर फक्त कलम उरतं. पुढे निर्वासितांच्या प्रश्नात (प्रश्न १३) हेच त्यांच्या मुळावर येतं.

३. धर्मत्यागाला इराणमध्ये फाशी असते असं ऐकलं होतं. ते खोटं का?

खोटं नाही, पण अर्धवट आहे. दंडसंहितेत धर्मत्यागाचं स्वतंत्र कलम नाही. मात्र राज्यघटनेचं कलम १६७ सांगतं की कायद्यात उत्तर सापडलं नाही तर न्यायाधीशानं मान्यवर इस्लामी ग्रंथ आणि फतवे पाहावेत. २०१३ च्या दंडसंहितेनं कलम २२० मधून तीच वाट उघडी ठेवली आहे. पारंपरिक शिया धर्मशास्त्रात धर्म सोडणाऱ्याला मुर्तद म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार करतात. मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेला 'फितरी', त्याच्या पश्चात्तापालाही किंमत नाही. नंतर मुसलमान होऊन मग सोडून गेलेला 'मिल्ली', त्याला परत फिरण्याची संधी. स्त्री असेल तर मृत्यूऐवजी कैद, ती परत फिरेपर्यंत.

प्रत्यक्षात काय झालं? पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू, हुसेन सूदमंद यांना डिसेंबर १९९० मध्ये मशहद इथे फाशी दिली. मेहदी दिबाज यांनी नऊ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला आणि डिसेंबर १९९३ मध्ये सारी शहरातल्या न्यायालयानं त्यांना मृत्युदंड सुनावला. बिशप हाइक होव्सेपियन-मेहर यांनी ही बातमी जगापर्यंत पोहोचवली, देशोदेशींहून निषेध झाला आणि १६ जानेवारी १९९४ रोजी दिबाज सुटले. तीनच दिवसांनी हाइक बेपत्ता झाले, नंतर त्यांचा खून झाल्याचं उघड झालं. जून संपता संपता दिबाजही नाहीसे झाले. जुलैमध्ये त्यांचा मृतदेह मिळाला.

त्यानंतरचा गाजलेला खटला युसेफ नदरखानी यांचा. रश्त शहरातले हे पाळक. मुलांना शाळेत सक्तीनं इस्लामचं शिक्षण देण्याला त्यांनी आक्षेप घेतला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांना अटक झाली. २०१० मध्ये धर्मत्यागाबद्दल मृत्युदंड झाला. सज्ञान झाल्यावर आपण कधी मुसलमान म्हणून जगलोच नाही, मग सोडलं काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. वाडवडील मुसलमान होते एवढं न्यायालयाला पुरेसं होतं. सप्टेंबर २०११ च्या सुनावण्यांत त्यांना पुन्हा पुन्हा परत फिरायला सांगितलं गेलं, त्यांनी प्रत्येक वेळी नकार दिला. सप्टेंबर २०१२ मध्ये धर्मत्यागाच्या आरोपातून त्यांची सुटका झाली. पण २०१७ मध्ये घरसभांवरून (प्रश्न ४) दहा वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे सहा वर्षांवर आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते बाहेर आले. पहिल्या खटल्यावर साऱ्या जगाचं लक्ष होतं. दुसऱ्यावर कितीतरी कमी, कारण त्यात 'फाशी' हा शब्द नव्हता. माझ्या मते राजवट यातूनच शिकली.

४. घरसभा म्हणजे काय? चोरून का भरवतात?

फारसी बोलणाऱ्यांना चर्चचे दरवाजे बंद झाल्यावर उपासना घरात आली, एवढंच. आठ-दहा माणसं, कधी पंधरा. एकेकटी येतात, चपला दाराबाहेर ठेवत नाहीत, पडदे ओढलेले, फोन बंद करून दुसऱ्या खोलीत. गाणी हळू आवाजात. तारीख आणि घर दर वेळी बदललेलं. 'चोरून' हा शब्द वाचकांना खटकतो, पण उघड जागा उरलीच नसेल तर दुसरं काय करणार?

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, हाही धोकाच. मुसलमान घरात जन्मलेल्याला दारू पिण्याची शिक्षा ८० फटके आहे आणि धर्मांतर राज्य मानत नसल्यामुळे प्रभुभोजनातला द्राक्षारसाचा घोटही दारूच ठरतो. २०१३ मध्ये रश्तमधल्या काही ख्रिश्चनांना याच कारणासाठी ८० फटक्यांची शिक्षा सुनावली गेली.

५. अटक झाल्यावर काय होतं?

बहुतेकदा पहाटे किंवा सभा चालू असताना साध्या वेशातली माणसं येतात. फोन, संगणक, पुस्तकं, वह्या, कुटुंबाचे फोटो, सगळं पिशव्यांत भरून नेतात. मग एखादी गुप्तचर खात्याची इमारत, किंवा तेहरानमध्ये असाल तर एविन तुरुंग. अल्बोर्झ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या तुरुंगातला २०९ क्रमांकाचा विभाग गुप्तचर मंत्रालयाच्या ताब्यात असतो, २-अ हा विभाग क्रांती रक्षक या लष्करी दलाच्या.

तिथून सुटलेल्यांच्या आठवणी विलक्षण सारख्या आहेत. डोळ्यांवर पट्टी. भिंतीकडे तोंड करून खुर्ची. पट्टीच्या खालच्या फटीतून दिसतात फक्त चौकशी अधिकाऱ्याचे बूट किंवा सपाता, आणि त्यावरून कैदी माणसं ओळखायला शिकतो: हा ओरडणारा, हा गोड बोलणारा. कागदावर प्रश्न लिहून देतात, पट्टी थोडी वर करून उत्तर लिहायचं. तुला बाप्तिस्मा कुणी दिला? अजून कोण कोण येतं? पैसे कुठून येतात? एकांतकोठडी काही दिवसांची असते किंवा काही आठवड्यांची. चौकशी संपेपर्यंत वकील मिळणं फार कठीण.

मग जामीन. तारण म्हणून बऱ्याचदा घराचे कागद ठेवावे लागतात. फारसीत या कागदाला 'सनद' म्हणतात, आपल्याला शब्द ओळखीचा आहे. म्हातारे आईवडील, काका, कधी शेजारी आपल्या घराची सनद न्यायालयात ठेवतात. आरोपी देश सोडून गेला तर ते घर जातं. कितीतरी माणसं पळून जाऊ शकत असूनही पळाली नाहीत ती या कागदामुळे.

६. शिक्षा भोगून सुटल्यावर तरी संपतं का?

क्वचितच. कैदेसोबत दूरच्या शहरात तडीपारी, परदेशी जायला बंदी, ठरावीक काळ कोणत्याही गटात सामील व्हायला बंदी, अशा जोडशिक्षा लागतात. नोकरी देणाऱ्याला फोन जातात. वारसाहक्काचं तर कायद्यातच आहे: नागरी संहितेच्या कलम ८८१ च्या पुरवणीनुसार बिगरमुसलमानाला मुसलमानाचा वारसा मिळत नाही. त्यामुळे एक भाऊ ख्रिस्ती झाला तर बापाच्या घरावरचा त्याचा हक्क संपतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते बुशेहरच्या प्रकरणानं. एका धर्मांतरित जोडप्यानं अनाथालयातून आजारी तान्ही मुलगी दत्तक घेतली होती. ती मुसलमान आईबापांची असावी असं गृहीत धरून २०२० मध्ये न्यायालयानं ती परत घेण्याचा हुकूम दिला. मुलीचा या दोघांवर जीव जडला आहे आणि तिच्या आजारपणामुळे तिला दुसरं घर मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे, हे न्यायाधीशांनीच नोंदवलं होतं. शंभराहून अधिक वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी विरोध नोंदवला. ज्येष्ठ आयातुल्लांकडून दत्तकाच्या बाजूनं मतं आणली गेली. अपिलातही हुकूम कायम राहिला.

७. जन्मानं ख्रिस्ती असलेल्यांनाही पकडतात, हे कसं?

फारसी बोलणाऱ्यांसाठी दार उघडलं की. असिरियन पाळक व्हिक्टर बेत-तमराझ यांना डिसेंबर २०१४ मध्ये घरातल्या नाताळच्या मेळाव्यातून नेलं. २०१७ मध्ये त्यांना दहा वर्षांची आणि पुढे त्यांच्या पत्नी शमिराम यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. २०२० मध्ये दोघं देश सोडून गेले. आर्मेनियन वंशाचे जोसेफ शाहबाझियान यांनाही घरसभेवरून २०२२ मध्ये दहा वर्षं सुनावली होती, ती कमी होऊन २०२३ मध्ये ते सुटले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा अटकेत गेले.

८. बहाई लोक तर पिढ्यान्‌पिढ्या बहाईच आहेत. त्यांना का पकडतात?

बहाई धर्म इराणमध्येच जन्मला, १८४४ साली शिराझमध्ये. इस्लामनंतर आलेला धर्म म्हणून राज्य त्याला धर्मच मानत नाही. घटनेच्या १३ व्या कलमातल्या तिघांत त्यांचं नाव नाही. देशातला हा सगळ्यात मोठा बिगरमुसलमान समाज असून त्यांची संख्या सुमारे ३ लाख मानली जाते. राज्याच्या नजरेत प्रत्येक बहाई हा जणू चालताबोलता धर्मत्याग आहे.

१९७९ च्या क्रांतीनंतर दोनशेहून अधिक बहाईंना ठार केलं गेलं. १८ जून १९८३ रोजी शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना फाशी दिली. त्यातली मोना महमूदनिझाद १७ वर्षांची होती. तिचा अपराध मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेणं. १९९१ मध्ये एक सरकारी टिपण तयार झालं, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की विद्यार्थी बहाई असल्याचं कळताच त्याला विद्यापीठातून काढावं. म्हणून त्यांनी घराघरांत आपलं विद्यापीठ चालवलं, तर तिथल्या शिक्षकांनाही तुरुंगात टाकलं. २००८ मध्ये समाजाचं कामकाज पाहणाऱ्या सात जणांना अटक झाली आणि प्रत्येकानं दहा वर्षं भोगली. त्यातल्या कवयित्री महवश साबेत आणि फरीबा कमालाबादी यांना जुलै २०२२ मध्ये पुन्हा पकडून आणखी दहा दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

आपल्याकडे पाचगणीचं न्यू एरा हायस्कूल अनेकांना ठाऊक असेल. ते १९४५ मध्ये बहाईंनीच सुरू केलं.

९. मुंबई-पुण्यातले इराणी हॉटेलवाले याच छळामुळे आले का?

काही प्रमाणात, पण आजच्या राजवटीमुळे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला याझ्द आणि केरमान भागातून जरथुष्ट्री मुंबईत आले. त्यामागे दुष्काळ आणि दारिद्र्य होतं, तशीच धर्मावरून होणारी नागवणही होती. तिथे त्यांना जिझिया भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवलं. या गृहस्थांनी वर्षानुवर्षं दरबारी खेटे घातले आणि १८८२ मध्ये शहानं तो कर रद्द केला. परदेशातल्या धर्मबांधवांसाठी चिकाटीनं अर्ज करत राहण्याचा इतका मोठा धडा मुंबईतून गेला आहे, आणि तो आपल्या शाळांत शिकवला जात नाही याचं मला वाईट वाटतं. इराणी हॉटेलवाल्यांत शिया मुसलमानही आहेत, हे लक्षात असू द्या. सगळेच जरथुष्ट्री नव्हेत.

१०. इराणच्या सर्वोच्च न्यायालयानं घरसभा गुन्हा नाही असा निकाल दिला होता ना?

हो, नोव्हेंबर २०२१ मध्ये. पाच-पाच वर्षांची शिक्षा झालेल्या नऊ धर्मांतरितांच्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं की ख्रिस्ती धर्माचा प्रचार किंवा घरसभा भरवणं हे राष्ट्रीय सुरक्षेविरुद्धचं कृत्य होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेहरानच्या अपील न्यायालयानं त्या नऊ जणांना निर्दोष सोडलं. तो निकाल वाचून मी खूप आशेनं लिहिलं होतं.

पण खालच्या न्यायालयांनी तो पायंडा म्हणून स्वीकारला नाही. त्या नऊ जणांपैकी एका पाळकाला त्याच सुमारास एका जुन्या खटल्यातली सहा वर्षांची शिक्षा उकरून काढून पुन्हा आत टाकलं. शिवाय कलम ५०० ची नवी पुरवणी (प्रश्न २) हाताशी होतीच.

११. इराणनं कुठला आंतरराष्ट्रीय करार केलेला नाही का?

केला आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारावर इराणनं १९७५ मध्ये शिक्कामोर्तब केलं आणि क्रांतीनंतरही तो मागे घेतला नाही. त्याचं १८ वं कलम धर्म स्वीकारण्याचं स्वातंत्र्य देतं. इराणच्या घटनेचं २३ वं कलमही म्हणतं की कुणाच्या श्रद्धेची चौकशी करता येणार नाही. वर लिहिलेल्या चौकशीच्या प्रश्नांशेजारी हे कलम ठेवून वाचा.

१२. पळून गेलेल्यांचं पुढे काय होतं? निर्वासितालाही तुरुंग कसा?

बहुतेकांची पहिली पायरी तुर्कस्तान, कारण इराण्यांना तिथे व्हिसा लागत नाही. पण तुर्कस्ताननं १९५१ च्या निर्वासित कराराला भौगोलिक अट घातली आहे: पूर्ण निर्वासित फक्त युरोपातून आलेला. इराण्याला तिसरा देश घेईपर्यंत थांबण्याची तात्पुरती परवानगी मिळते. नेमून दिलेल्या शहरात राहायचं, ठरलेल्या दिवशी जाऊन सही करायची, परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं तिथली नोंदणी थांबवली आणि सगळं तुर्की सरकारकडे गेलं. माणसं आठ-आठ, दहा-दहा वर्षं अडकतात. मधेच कागद रद्द झाले की परत पाठवणीचं केंद्र, म्हणजे नाव वेगळं पण तुरुंगच.

थायलंडनं तर १९५१ चा करार स्वीकारलेलाच नाही. पाकिस्तानातून पळालेले ख्रिस्ती आणि अहमदी (स्वतःला मुसलमान मानणारा, पण तिथला कायदा ज्याला मुसलमान मानत नाही असा पंथ) बँकॉकला पोहोचतात, व्हिसा संपतो आणि सुआन फ्लू भागातल्या स्थलांतर कोठडीत जातात. मायदेशी श्रद्धेमुळे कोंडले जाणार होते, इथे पासपोर्टवरच्या तारखेमुळे कोंडले जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं सुमारे तीनशे जणांना पनामाला धाडलं. त्यात इराणी धर्मांतरित ख्रिस्तीही होते. आधी त्यांना हॉटेलात कोंडलं, मग ज्यांनी मायदेशी जायला नकार दिला त्यांना दारिएनच्या जंगलाजवळच्या छावणीत नेलं. मार्चमध्ये तात्पुरते परवाने देऊन सोडलं.

१३. खरं सांगा, अनेक जण युरोपचा व्हिसा मिळावा म्हणूनच ख्रिस्ती होतात ना?

काही जण होतात. हे लपवून मला कैद्यांचं भलं करता येणार नाही. पण खरे कोण आणि बनावट कोण हे ठरवण्याच्या पद्धती इतक्या कच्च्या आहेत की खऱ्यालाच जास्त मार बसतो.

मुलाखतीत विचारतात, पेंटेकॉस्टचा सण कधी असतो? दहा आज्ञा क्रमानं सांगा. घरसभेत शिकलेल्या माणसाला सणांचं कॅलेंडर कुठून माहीत असणार? त्याच्याकडे पूर्ण बायबलही नसेल, वहीत उतरवून घेतलेलं एखादं शुभवर्तमान असेल. पाठांतर करून आलेला मात्र पास होतो. पुरावा मागतात तेव्हा इराणचं आरोपपत्र पुढे करावं, तर त्यात लिहिलेलं असतं राष्ट्रीय सुरक्षा (प्रश्न २). अधिकारी म्हणतो, यात धर्म कुठे आहे? तेहरानमधल्या खोलीत ज्याची श्रद्धा गुन्हा म्हणून लिहिली गेली, त्याची ती युरोपातल्या खोलीत लिहिलेली सापडत नाही.

ब्रिटनमध्ये २०१९ साली एका इराणी अर्जदारानं ख्रिस्ती धर्म शांतीचा वाटला म्हणून स्वीकारला असं सांगितलं, तर नकारपत्रात अधिकाऱ्यानं बायबलमधलीच हिंसेची वचनं काढून दाखवली. गवगवा झाल्यावर गृहखात्यानं अर्जाचा फेरविचार मान्य केला.

१४. ख्रिस्ती व्हा, पण घरात गुपचूप राहा. देश सोडायची गरज काय?

हा प्रश्न चांगली माणसंही विचारतात. युरोपीय संघाच्या न्यायालयानं ५ सप्टेंबर २०१२ रोजी याचं उत्तर दिलं आहे. जर्मनीत आश्रय मागणाऱ्या दोन पाकिस्तानी अहमदींचा तो खटला होता. श्रद्धा लपवून धोका टाळा, असं आश्रय मागणाऱ्याला सांगता येणार नाही, असा त्याचा सारांश.

याला एक उलटी बाजूही आहे. स्वीडनमध्ये एका इराण्यानं अधिकाऱ्यांना सांगितलं की माझं ख्रिस्ती होणं ही खासगी बाब आहे, मला त्यावर आश्रय मागायचा नाही. त्यानं राजकीय कारणं मांडली, ती फेटाळली गेली. प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. मार्च २०१६ मध्ये मोठ्या पीठानं एकमतानं निकाल दिला: धर्मांतर झाल्याचं सरकारला ठाऊक आहे, मग त्यानं स्वतः पुढे केलं नाही तरी परत पाठवण्याआधी त्यामुळे होणारा धोका तपासलाच पाहिजे. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. मुळात श्रद्धेचा पुरावा देण्याचीच ज्याला लाज वाटली, असा.

१५. असे लोक भारतात येऊ शकतात का? नागरिकत्व दुरुस्ती कायदा त्यांना लागू होतो का?

लागू होत नाही. २०१९ चा तो कायदा अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीनच देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी आहे. त्यात इराण नाही. त्यामुळे इराणमधून आलेल्या जरथुष्ट्रीलाही त्याचा उपयोग नाही, आणि बहाई तर यादीतच नाहीत.

भारतानं १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय काही देशांच्या लोकांची नोंदणी करतं, पण त्या कार्डानं व्हिसा मिळत नाही. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या कुणाला परत जाण्याची भीती वाटत असेल, तर व्हिसा संपायच्या आधी वकील गाठणं हाच शहाणपणा. घटनेचं कलम २१ परकीयांच्याही जिवाचं रक्षण करतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये चकमांच्या खटल्यात सांगितलेलं आहे.

१६. आपल्याकडचे धर्मांतरविरोधी कायदे आणि इराणचे कायदे एकच का?

एकच नाहीत. भारतात धर्म बदलणं गुन्हा नाही. १९५६ मध्ये नागपुरात लाखो लोकांनी भर मैदानात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आपले कायदे जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष यांना शिक्षा देतात. ओडिशाचा १९६७ चा, मध्य प्रदेशचा १९६८ चा, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही वैध ठरवले.

पण माझी काळजीही लिहिते. नव्या कायद्यांत शिक्षा वाढत चालल्या आहेत. उत्तर प्रदेशात २०२४ च्या दुरुस्तीनं जन्मठेपेपर्यंत मजल गेली, कुणीही तिऱ्हाईत तक्रार करू शकतो आणि धर्मांतर जबरदस्तीचं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. प्रार्थनेला जमलेल्या माणसांची चौकशी सुरू झाली की 'तुला कुणी बोलावलं, पैसे कुणी दिले' हेच प्रश्न येतात. ते कुठे ऐकलेत, हे मला सांगायला नको.

१७. इतर देशांचं काय?

थोडक्यात. इरिट्रियानं २००२ पासून ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, ल्युथरन आणि सुन्नी इस्लाम सोडून बाकी सगळ्यांवर बंदी घातली आणि कैद्यांना लोखंडी मालवाहू कंटेनरांत कोंडलं. तिथले यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे तिघे जण १९९४ ते २०२० असे २६ वर्षं खटल्याशिवाय आत होते. पाकिस्तानात १९८४ च्या वटहुकुमापासून अहमदी माणसानं स्वतःला मुसलमान म्हणवणं हाच तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. सुदानमध्ये मरियम इब्राहीम यांना २०१४ मध्ये धर्मत्यागासाठी मृत्युदंड झाला, त्यांनी पायात बेड्या असतानाच तुरुंगात मुलीला जन्म दिला. जगभरातून दबाव आल्यावर त्या सुटल्या. २०२० मध्ये सुदाननं ते कलमच रद्द केलं.

१८. मी कैद्यांना पत्र पाठवू का? पोहोचतं का ते?

बरेचदा नाही. तरी पाठवा. तुरुंगात कुणाच्या नावे परदेशातून पत्रं येतात याची नोंद अधिकारी घेतात. सुटून आलेल्या अनेकांनी सांगितलं आहे की पत्रं हाती पडली नाहीत, पण ती येत आहेत हे पहारेकऱ्यांच्या वागण्यावरून कळत होतं. साधं लिहा: तुमची आठवण आहे, तब्येत जपा. राजकारण नको, राजवटीला शिव्या नकोत, धर्मग्रंथ पाठवू नका, संस्थेचं नाव घालू नका. आणि पत्ता ताजा आहे ना ते पाहा. जून २०२५ मध्ये एविनवर इस्रायलचा हल्ला झाला तेव्हा कैद्यांना दुसऱ्या तुरुंगांत हलवलं होतं, स्त्रियांना कर्चकला.

१९. माझ्या वर्गातली इराणी मैत्रीण आमच्या चर्चमध्ये येते. नाताळाचे फोटो टाकले तर चालतील का?

नाही. ती हसून हो म्हणाली तरी नाही.

पुण्यात शिकायला आलेली एक इराणी मुलगी माझ्या ओळखीची होती. सुट्टीत घरी जायच्या आदल्या रात्री ती फोन घेऊन बसायची आणि एकेक गोष्ट पुसायची: बायबलचं ॲप, गाण्यांच्या फायली, आमच्याबरोबरचे फोटो, शेवटी माझा नंबरही. तेहरानच्या विमानतळावर फोन मागितला तर काही सापडायला नको. परत आली की पहिल्या दिवशी मला नंबर विचारायची आणि मी तो तिच्या तळहातावर पेननं लिहून द्यायची.

फोटो काढायचाच असेल तर तिच्याशिवाय काढा. तिचं नाव प्रार्थनेच्या यादीत छापू नका, बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र तिच्या घरच्या पत्त्यावर पाठवू नका. ते चर्चच्या कपाटात ठेवा आणि ते कुठे ठेवलं आहे हे तिला आणि पाळकांना माहीत असू द्या. कधी तिला आश्रय मागावा लागला, तर तारखेसह असलेला तो एक कागद तिला लागेल.